घासलेलं बूड
बहात्तरच्या दुष्काळानंतर मी नाशिकजवळ गोदाकाठच्या खोदकामावर जुनी खापरं धुवायला जात असे. एकदा पुण्याहून रसायनं तपासणारे एक साहेब आले. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. खापराला ते बोट लावत नसत. चिमट्यानं उचलून तान्ह्या बाळासारखं कागदात गुंडाळत.

"ताई, आतून काळं असलेलं मडक्याचं बूड कुठंय?"

राखेनं, काथ्यानं घासून लख्ख केलेलं बूड मी हौसेनं पुढं केलं. साहेब मटकन खालीच बसले.

"अहो, ते काळं म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं करपलेलं अन्न होतं! काय शिजत होतं, ते त्यावरून कळलं असतं."

वाटलं, काम गेलं.

पण ते हळू आवाजात म्हणाले, "थोडं मडक्याच्या मातीत मुरलं असेल. खापराची भुकटी करून तपासून बघतो. घासू नका, हे आम्हीच सांगायला हवं होतं."

मला राहवलं नाही. "पण साहेब, करपलेलं भांडं तसंच टाकून कुठली बाई उठेल?"

त्यांचा चिमटा हवेतच थांबला. "हे मला कधी सुचलंच नाही," ते म्हणाले.

अजूनही करपलेलं पातेलं घासायला घेतलं की माझा हात थांबतो. ते मडकं तसंच टाकून उठलेल्या त्या बाईच्या दारात तेव्हा काय आलं असेल?