प्लेटवरची नागमोडी वाट

"मॅडम, ही प्लेट खराब झालीय. फेकू का?" आमची टेक्निशियन मंजू म्हणाली.

"आण बघू इकडं." फेकायची वस्तू आधी निरखायची मला खोडच आहे. रद्दीसुद्धा माझ्या तावडीतून सुटत नाही, असं नवरा म्हणतो.

मी सोलापुरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. पेशंटचा बेडका आम्ही प्लेटमधल्या जेलीसारख्या थरावर रेघा ओढून पसरतो. जंतू असतील तर त्या रेघांवर ठिपके वाढतात. या प्लेटवर मात्र रेघा सोडून ठिपक्यांची एक नागमोडी माळ पार कडेपर्यंत गेली होती. एवढं लांब हे जंतू आपले आपण जात नाहीत. मग त्यांना फिरवून आणलं कुणी?

बेडका महादेवकाकांचा होता. करकंबचे ऊस बागायतदार. पुण्यात त्यांचं हार्ट ट्रान्सप्लांट झालेलं. दुसऱ्याचं हृदय शरीराला परकं वाटतं, शरीर त्या हृदयावर उलटू शकतं. याला रिजेक्शन म्हणतात. ते टाळायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. इन्फेक्शनच्या भीतीनं मुलानं काकांना शेतावरून उचलून शहरात, जुळे सोलापूर भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं होतं. तरी ताप, खोकला आणि दम लागणं सुरू झालंच. आमचे फिजिशियन डॉ. बिराजदार आणि पुण्याची टीम, दोघांनाही रिजेक्शनचा संशय होता. प्रतिकारशक्ती आणखी दाबायला संध्याकाळी स्टिरॉइडचा मोठा डोस द्यायचं ठरलं होतं.

मी बेडक्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. एक बारीक अळी वळवळत समोरून गेली. मागोमाग दुसरी. प्लेटवर जंतू अंगाला चिकटवून फिरल्या त्या ह्याच. खरं सांगते, आधी आनंदच झाला. मग संध्याकाळचा डोस आठवला.

हा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत. ओल्या मातीतून उघड्या पायाच्या कातडीत शिरतो आणि आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप नांदतो. प्रतिकारशक्ती दबली की त्याचं फावतं. मग तो फुफ्फुसापर्यंत पसरतो, आणि स्टिरॉइड मिळालं तर विचारूच नका.

मी फोन लावला. "सर, डोस थांबवा. फुफ्फुसात जंत आहेत."

"जंत? अहो मॅडम, रिजेक्शन असेल आणि डोस चुकला, तर हृदय जाईल."

"आणि दिला तर माणूस जाईल. खाली येऊन बघा."

ते आले. बराच वेळ लेन्सला डोळा लावून बसले. "पण हा माणूस शेतात पाऊल टाकत नाही हो," ते म्हणाले.

मलाही तेच कोडं पडलं होतं. आम्ही दोघं वॉर्डात गेलो.

"काका, शेतात कधी गेला होता?"

"ऑपरेशन झाल्यापासनं न्हाय. कोंडून घातलंय की मला."

"आणि त्याआधी? पायात चप्पल असायची?"

शेजारी बसलेल्या काकूंना हसू आलं. "रानात चप्पल? ती बांधावर काढून ठिवायची. काळी आई हाय ती. ह्यांनी जल्मभर उसाला पाणी पाजलं ते चिखलात अनवाणीच."

मुलानं वडिलांना मातीपासून दूर आणलं होतं, पण ती कधीच आत येऊन बसली होती.

इको केला. हृदय छान चालत होतं, रिजेक्शनचं लक्षण नव्हतं. पुण्याशी बोलून स्टिरॉइड उलट थोडं कमी केलं आणि जंतांचं औषध सुरू झालं. गोळीचं नाव ऐकून काका खवळले. "आयव्हरमेक्टिन? हे तर आमी म्हशीला देतो!"

"म्हशीला गुण येतो का?"

"लई झ्याक."

"मग घ्या की."

रोज बेडका माझ्याकडे येई. अळ्या कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. त्या दिवशी मी मंजूला बळंच चहा पाजला.

काही महिन्यांनी काका स्वतः लॅबमध्ये आले, चांगले टुणटुणीत. पुण्याच्या डॉक्टरांना विचारून एकदा रानात जाऊन आले होते. "बांधावर हात जोडले. म्हणलं, आई, माफ कर, आन् गुडघ्याएवढं बूट घालून आत गेलो."

पुण्याची टीम आता ट्रान्सप्लांटच्या आधीच विचारते, रानात अनवाणी चालला होतात का? आमच्या लॅबमध्येही एक नियम झालाय. खराब झालेली प्लेट फेकायच्या आधी, ती कुणी खराब केली ते बघायचं.