महेशचं ‘अजून न्हाय’

गेली काही वर्षं ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. महेश गेल्याचा फोन आला, तेव्हा गॅलरीत दाढी करत होतो. अर्धी तशीच ठेवून निघालो... आणि वाटेत मनात आलं, ज्याला सांगायचं होतं तोच आता उरला नाही. लोक अजून समजतात, कुस्तीच्या त्या गेमची मोठमोठी आश्वासनं महेशनं माझ्या तोंडून दिली होती. त्यानं नव्हे, ती मी माझ्या मनानं दिली होती.

महेश माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून त्यानं राजारामपुरीत दोन खोल्यांत मोबाईलचे गेम बनवायची कंपनी काढली. पहिलाच गेम कुस्तीचा. मी जन्मभर मैदानांत माईकवर कुस्त्या पुकारलेल्या, म्हणून त्यातला आवाज माझा. पोरगं बोलायला फार जपून. गेम जाहीर करायच्या दिवशी माईक माझ्याच हातात, म्हणून मला बाजूला घेऊन म्हणाला, “मामा, एक आखाडा आणि थोडे डाव, एवढंच तयार हाय. जास्तीचं कुणी विचारलं तर ‘अजून न्हाय’ म्हणायचं.”

“व्हय रे, मला काय कळत न्हाय व्हय?”

पण मैदानात पुकारणाऱ्याला एक सवय लागते. गर्दीतून कुणी ओरडून बक्षीस वाढवलं, की ते लगेच माईकवर घ्यायचं; गर्दी थंड पडू द्यायची नाही. त्या दिवशी हलगी कडाडली, समोर कॉलेजची पोरं. हुपरीची एक मुलगी ओरडली, “बायकांच्या कुस्त्या हायत काय?” मी म्हणालो, “हाय की!” “गावोगावच्या जत्रांची मैदानं?” “हाय की!” “दिवाळीला येणार?” “येणार की!” मंचाच्या कडेला महेश हात वर करून मला थांबवत होता. तो खुशीत हात उंचावत होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं तर तो थांबवतोय हे मला कळलं होतं.

दिवाळी गेली. मग गेम आला, तोही एका आखाड्याचा. पोरं भडकली. “काय महेशराव, गेम पुरा झाला काय? हाय की!” असले टोमणे त्याला चहाच्या गाड्यावरही ऐकावे लागले. तो प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहायचा : चूक आमची, बायकांच्या कुस्त्या अजून नाहीत, तयार झाल्या की दाखवू, तोवर तारीख सांगणार नाही. ‘मामा आपल्या मनानं बोलले’ असं एकदाही नाही. माझ्या बहिणीनं विचारलं तरी म्हणाला, “आई, मामांना मीच तसं सांगितलं होतं.” मी समोरच बसून चहा पीत होतो...

मग त्यानं गेममध्येच एक पाटी लावली. जे व्हायचं होतं त्या प्रत्येकापुढं ‘अजून न्हाय’. एखादं पुरं झालं, की तिथं बोट ठेवल्यावर माझा आवाज यायचा, “हाय की!” हळूहळू पोरं परतली. ज्या शब्दानं त्याची फजिती झाली, त्याला त्यानंच पत आणून दिली. बायकांच्या कुस्त्या आल्या, तेव्हा हुपरीची ती मुलगी पेढे घेऊन आली. पेढा मीही खाल्ला.

पुढं महेश दुखण्यानं आडवा पडला. दवाखान्यात शेवटचा भेटलो, तेव्हा खोल गेलेल्या आवाजात त्यानं विचारलं, “मामा, काय बोलायचं हाय काय?” तो वाट बघत होता, असं आता वाटतं.

“न्हाय रे. तू पड,” मी म्हणालो.

गेम माझ्या फोनमध्ये आहे. पाटीवर ‘अजून न्हाय’ची एकच ओळ उरली आहे : जत्रांची मैदानं. सकाळी मी तिच्यावर बोट ठेवतो. फोन गप्प राहतो. मग मीच म्हणतो, “महेश, बोलायचं हाय की...”