ट्रॉलीखाली आलेली डबी

लिंबाजीनानांनी टॉवेलची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर एक चेपलेला पत्रा ठेवला. ती आधी डबी होती हे त्यांनी सांगितलं म्हणून कळलं.

"उसाच्या ट्रॉलीखाली आली, साहेब. हिचा आवाज परत पायजे."

मी सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला होतो. वाफेचं प्रेशर, तापमान, पाण्याची लेव्हल दाखवणारी मीटरं नीट ठेवायची, कुठं गळती दिसली की बंद करायची, एवढंच आमचं काम. त्या वर्षी दुष्काळ होता. उभा ऊस चाऱ्याला गेला, गाळप झालंच नाही, बॉयलर थंड. सगळी मीटरं शून्यावर, आणि ती शून्य बरोबर दाखवतात का हे बघायला आम्ही रोज ड्युटीवर.

नाना शिरूर कासारचे. दरवर्षी लांबच्या कारखान्याला ऊस तोडायला जायचे आणि परत आले की बेंजो वाजवायचे. आमच्याकडचा बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं वाद्य. त्याला वायर लावून अँप्लिफायरवर वाजवतात. नानांच्या बेंजोची वायर आधी या डबीत जायची. डबीचं नाव फझ. साधा आवाज मुद्दाम फाडायचा, जाड करायचा आणि लांबवायचा, हे तिचं काम. मुळात ती गिटारवाल्यांची चीज. बहात्तरच्या दुष्काळानंतर कधीतरी गावात एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यांचं परदेशी फझ पेडल बंद पडलं, ते गफूर मिस्त्रींनी दुरुस्त करून दिलं. मिस्त्री रेडिओ दुरुस्त करायचे. पेडल परत देण्याआधी त्यांनी आतला नकाशा कागदावर उतरवला आणि ग्रामपंचायतीच्या मोडक्या रेडिओचे पार्ट काढून नानांना ही डबी करून दिली. मिस्त्री जाऊनही आता वीस वर्षं झाली होती.

"नाना, बाजारात नवीन मिळतात अशा डब्या," मी म्हणालो.

"आणली व्हती. त्यात मला ऐकू येत न्हाई."

"म्हणजे?"

"कान गेले, साहेब. लई वर्सं हलगीच्या शेजारी बसलो. साधा बेंजो टिक वाजतो आन् मरतो, माझ्यापर्यंत येतच न्हाई. या डबीतनं सूर लांबतो, तवा कळतं आपण काय वाजवतोय. आता पुतण्याच्या तोंडाकडं बघून वाजवतो. त्याचं तोंड वाकडं झालं की समजायचं, चुकलं."

जत्रा पंधरा दिवसांवर होती. "असं दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून देवापुढं वाजवायचं न्हाई मला. डबी झाली तर ठीक. न्हाईतर बेंजो देऊन टाकतो कुणाला तरी," ते म्हणाले. रडगाणं नव्हतं. ठरवून आले होते.

डबी मी केजला घरी नेली आणि उघडली. खरं सांगतो, मला माझ्या नोकरीची लाज वाटली. सर्किट बोर्ड नव्हताच. जुन्या स्विचबोर्डाचा बॅकेलाइटचा तुकडा, त्याला तापल्या दाभणानं पाडलेली भोकं, सगळी एका रेषेत. वरून ट्रॉली गेली, पार्ट चिरडले, पण सोल्डरचा एकही जोड सुटला नव्हता. आमच्याकडं इन्स्पेक्शनचा शिक्का मारून आलेली पॅनल वर्षभरात खुळखुळायला लागतात.

मी नकाशा काढायला बसलो. पार्ट मोजून चौदा. त्यात दोन ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारा तीन पायांचा पार्ट. हे जुने, जर्मेनियमचे होते, आता कुठल्या दुकानात मिळत नाहीत. एकाचा चुरा झालेला. दुसरा मोजला तर गळका. बंद केलेला नळ टपकत राहावा तसा त्यातून करंट टपकत होता. मी वहीत लिहिलं : खराब.

आणखी एक गोष्ट दिसली. गाडी उभी असली तरी इंजिन आयडलवर ठेवतात. तसाच ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट कायम चालू ठेवावा लागतो आणि त्यासाठी एक रेझिस्टर लावतात. इथं पहिल्या ट्रान्झिस्टरला तो नव्हताच. नेटवर तशा पेडलचे दोन-तीन नकाशे बघितले, त्यात होता. मी मनात म्हटलं, बिचारे मिस्त्री, दुष्काळानंतरचे दिवस, रेझिस्टर मिळाला नसेल. वहीत लिहिलं : राहून गेला, लावणे.

जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आणायचे कुठून? कारखान्याच्या भंगारात जुना इंटरकॉम पडला होता. मी चीफ इंजिनिअर पाटील साहेबांना विचारलं.

"शिंदे, भंगारातली टाचणी हलवायची तरी संचालक मंडळाचा ठराव लागतो. आणि मंडळापुढं काय लिहू? बेंजोसाठी?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चामडी कव्हरचा जुना रेडिओ माझ्या टेबलावर ठेवला. "वडलांचा हाय. बंदच हाय. याला ठराव लागत न्हाई."

त्यातून सात ट्रान्झिस्टर निघाले. सातही मोजले, सगळ्यांत कमी गळणारे दोन निवडले, उरलेले बशीत टाकले. चिरडलेले बाकीचे पार्ट बदलले, पत्रा ठोकून सरळ केला आणि राहून गेलेला रेझिस्टर लावला. सकाळी कामावर जायच्या आधी, गारव्यात बसून हे सगळं केलं. डबी वाजली. स्वच्छ, ताकदीची. मी स्वतःवरच खूश झालो आणि नानांना फोन केला.

नाना सकाळच्या एसटीनं आले, बेंजो मांडीवर घेऊन बसले आणि चार ओळी वाजवल्या. मला आवाज झकास वाटला. त्यांनी हात थांबवले आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मी काय ते समजलो.

"चांगली झालीय," ते म्हणाले. "पण सूर मधीच तुटतोय. तुमचा आवाज हाय, साहेब. माझा न्हाई."

जत्रेला चार दिवस राहिले होते. माझी सगळी अक्कल तिथं संपली होती. बायकोनं जेवायला वाढलं. भाकरी मोडता मोडता नाना म्हणाले, "तुमी डबी शेकली न्हाई कावून?"

"काय शेकायचं?"

"डबी. हलगी शेकतेत तशी."

हलगीचं चामडं सैल पडतं, म्हणून वाजवायच्या आधी उसाच्या वाळल्या पाचटाचा जाळ करून ती शेकतात, हे मला माहीत होतं. डबीत चामडं कुठलं?

"आमी जाळाशेजारी ठेवतो," नाना सांगायला लागले. "मिस्त्रीनंच सांगितलेलं. गालाला लावून बघायची. लेकराला बारीक ताप आल्यावानी लागली की वाजवायची. लई तापवायची न्हाई. थंडीत ऊस तोडायला गेलतो तवा चुलीपाशी ठेवायचो."

मला हसू आलं. घास तोंडात होता, आणि तो गिळायच्या आधीच हसू गेलं. जर्मेनियम तापलं की गळती वाढते, हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

मी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "अहो, भात?" भात राहिला. मी माझा शहाणपणाचा रेझिस्टर उपटून काढला. चांगले ट्रान्झिस्टर काढले आणि बशीतले दोन गळके बसवले. बेंजो लावला. फुर्र फुर्र, आणि गप्प. मग डबी अंगणातल्या फरशीवर उन्हात ठेवली. एप्रिलचं ऊन होतं, फार वेळ लागला नाही. नानांनी ती उचलली, गालाला लावली, परत ठेवली. परत उचलली.

"आली," ते म्हणाले.

त्यांनी एक बटण दाबून तार छेडली. सूर उठला आणि उठलेलाच राहिला. सनईवाल्यानं दम धरावा तसा. रेझिस्टर राहून गेलाच नव्हता. मिस्त्रींनी गळतीकडूनच त्याचं काम करून घेतलं होतं. पार्ट गळके होते, गाव तापलेलं होतं, आणि त्या माणसानं दोन्हींना सर्किटमध्ये घेतलं होतं. मी तीस वर्षं गळती बंद करण्याचा पगार घेतला. गळती कामाला लावता येते हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

जत्रेला मी आणि पाटील साहेब दोघंही गेलो. दुपारी पाचटाचा जाळ केला होता. पुतण्या हलगी शेकत होता, शेजारी विटेवर नानांची डबी. नानांनी ती गालाला लावून बघितली, वायर जोडली आणि पालखीपुढं बसले. पहिल्या ओळीला ते पुतण्याच्या तोंडाकडं बघत होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी डोळे मिटले. पालखी देवळात जाईपर्यंत उघडले नाहीत.

साहेबांना डोळ्यांत धूर गेल्यासारखं झालं. "शिंदे," ते म्हणाले, "वडलांचा रेडिओ एवढा चांगला कधी वाजला नव्हता."

माझी ती वही अजून आहे. 'खराब' आणि 'राहून गेला' या दोन्ही शब्दांवर मी काट मारली आणि खाली लिहून ठेवलं : नकाशात काही कमी दिसलं तर लगेच जोडू नये. आधी वापरणाऱ्याला जेवायला बसवून विचारावं, चालू करायच्या आधी तुम्ही काय करता?