तेल पुसायचं फडकं

शेजारचा अविनाश दर रविवारी सकाळी आपल्या जुन्या गाडीचं ऑइल बघतो. डिपस्टिक काढतो, पुसतो, परत घालतो, पुन्हा काढून उन्हात धरतो. जरा कमी दिसलं की लगेच भर घालतो. “जुन्या गाडीला जपावं लागतं,” हे वर मलाच ऐकवतो! पुसायला त्याला आईच्या जुन्या लुगड्याचंच फडकं लागतं; ते धागे सोडत नाही. आई पायरीवर बसून बघत असते. आज ती म्हणाली, “गुडघ्याचं औषध संपलंय रे.”

“या वयात दुखायचंच,” तो बॉनेटखालूनच म्हणाला.

गाडी जुनी झाली की तिची काळजी घ्यायची; माणसाचं मात्र नुसतं वय होतं.

काळंकुट्ट फडकं फेकून त्यानं हात पुढे केला. “दुसरं लुगडं दे.”

म्हातारीनं पदर सावरला. “आता हे अंगावरचंच उरलंय. थोडे दिवस थांब, बाबा.”