सिमाकाकूंसाठी केलेली घंटा

चैत्राली इंग्लंडला आली तेव्हा लंडनच्या हॅरो भागात निसीमकाका आणि सिमाकाकूंकडे भाड्याने राहिली होती. मुंबईहून आलेलं हे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू जोडपं. घरात दोघांचं बोलणं मराठीतच. पुढे तिला जवळच्या रीडिंग शहरात मोबाइल अ‍ॅप करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, पण येणंजाणं तुटलं नाही. मग काकूंना डिमेन्शिया झाला. आधी माणसांची नावं गेली, मग इंग्रजी गेलं. दार उघडं दिसलं की त्या चालू लागायच्या.

चैत्रालीने फावल्या वेळात त्यांच्यासाठी अ‍ॅप केलं. काकूंच्या कोटाला छोटा टॅग शिवला. तो घराबाहेर गेला की काकांचा फोन सायलेंटवर असला तरी खणखणायचा. खरं तर असा आवाज काढायला फोन बनवणाऱ्यांची खास परवानगी लागते. तिने रीतसर मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा तिने फोनच्या सिस्टिमच्या पोटात शिरून त्यांनी स्वतःपुरता ठेवलेला, कुठेही न लिहिलेला एक रस्ता शोधला, आणि कंपनीच्या तपासणीत सापडू नये म्हणून त्याचं नाव कोडमध्ये तुकडे करून लपवलं.

"उद्या त्यांनी हा रस्ता बुजवला तर?" तिचा सहकारी अपूर्व म्हणाला होता. "तुला कोणी कळवणारसुद्धा नाही."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

अ‍ॅप कानोकानी पसरलं. लंडनच्या दुसऱ्या टोकाला इल्फर्डपर्यंतची कितीतरी घरं त्याच्या भरवशावर निर्धास्त झाली.

नोव्हेंबरात फोनचं अपडेट आलं. अ‍ॅप सरळ बंद पडलं असतं तर निदान कळलं तरी असतं. ते चालूच राहिलं. स्क्रीनवर 'सुरू' अशी हिरवी खूण, आवाज मात्र नाही.

दुपारी ऑफिसात काकांचा फोन आला. "चैत्राली, सिमा घरात नाही गं. मी जरा पडलो होतो. फोन वाजलाच नाही."

तिने स्वतःच्या फोनवर चाचणी घेऊन पाहिली. खूण हिरवी, फोन मुका.

"काका, आधी पोलिसांना फोन करा. मी निघालेच."

ट्रेनमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन ती सगळ्या घरांना ईमेल लिहू लागली: घंटेवर विसंबू नका. सिग्नल सारखा जात होता. गेला ईमेल की नाही, तेही कळेना. एक उत्तर आलं, "आमच्याकडे तर हिरवं दिसतंय." ते वाचून तिला रडूच कोसळलं.

काकू अंधारून आल्यावर सापडल्या, एका मैदानामागच्या ओढ्यात, कमरेपर्यंत भिजलेल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना घराचा रस्ता विचारत होत्या म्हणे, पण मराठीत. कोणाला काय कळणार?

हॉस्पिटलात काका तिच्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे कधीही बंद पडू शकतं एवढं सांगितलं असतंस, तर मी दाराला कुलूप लावून झोपलो असतो."

अ‍ॅप तिने त्याच आठवड्यात काढून टाकलं. न्यूमोनियातून काकू वाचल्या, पण घरी आल्या नाहीत. काकांचा आता स्वतःच्या झोपेवरही विश्वास उरला नव्हता. त्यांना ठेवलंय त्या केअर होममध्ये मराठी कोणालाच येत नाही. चैत्राली भेटायला गेली की काकू तिचा हात धरतात आणि विचारतात, "घरी कधी जायचं गं?"