गंज समजून नंबर घासला

मित्रहो, आज मी हात दाखवून अवलक्षण केलं.

बाबांची स्वस्तातली जुनी एकनळी बंदूक. कुहीच्या शेतात धानातली डुकरं हाकलायला घेतलेली, पुढं गंजून पडली. दोन महिने मी ती रॉकेलनं पुसली, रेजमालाच्या खरखरीत कागदानं घासली, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल पाजलं. नळी आरशासारखी झाली.

आज परवान्याच्या नूतनीकरणाला नेली. कारकुनानं ती उलटीपालटी केली.

"नंबर कुठी हाये गा?"

नळीवर कोरलेला नंबर मीच घासून टाकला होता, गंज समजून.

"बिननंबरी बंदूक वापस नाही भेटत," म्हणत तो ती आत घेऊन गेला.

घरी बाबा दारातच खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर धुतलेलं फडकं.

"आण गा, मले पाहू दे."

तुम्ही काय सांगितलं असतं?