कसून बांधणारी फुसाए

फुसाएच्या खिडकीखालून जाताना जपानातल्या आमच्या आरिमात्सु गावातली माणसं आपोआप भराभर पावलं टाकतात. आत तिचा लाकडी आकडा करकरत असतो. तो थांबला की समजायचं, बाईने तुम्हाला पाहिलं. मग तुमच्या गुडघ्यापासून तुमच्या सुनेपर्यंत सगळ्यांची चौकशी झाल्याशिवाय सुटका नाही.

आमच्याकडे एका बाईची एकच बांधणी. फुसाएची कोळ्याच्या जाळ्याची. कापडाचा चिमटा आकड्यात अडकवायचा, बुडापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळत न्यायचा आणि असा ओढायचा की निळीचा थेंबही आत शिरू नये. हे ती आईकडून शिकली आणि मग जन्मात दुसरं काही शिकलीच नाही. पलीकडची किकुनो बारीक ठिपके बांधते. किकुनोच्या ठिपक्यांना फुसाएने कधी बोट लावलं नाही. जीभ मात्र रोज लावते.

आणि एक नियम तिच्या हाडात मुरलेला: एका ताग्यावर एकच हात. दोघींनी मिळून एक तागा बांधला तर रंगवून आल्यावर तो आंधळ्यालाही कळतो. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल, जाळी वेगवेगळी उमटतात. असलं कापड व्यापाऱ्याकडून परत येतं, आणि परत आलेलं कापड घेऊन गल्लीतून घरी जाण्यापेक्षा फुसाएला मेलेलं परवडलं असतं.

यंदा जुलैत गल्लीच्या मंडळाची बैठक बसली. बोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाला मुलं डोक्याला पंचे बांधतात ते विरून गेले होते. मंडळाचा प्रमुख काजिता. माणूस वाईट नाही, फक्त त्याला कटकट नको असते. लग्नसुद्धा त्याने बहिणीने ठरवलेल्या पहिल्याच मुलीशी केलं. त्याने सुचवलं की पंचे छापून आणू. सगळे सारखे, कुणाची तक्रार नाही.

फुसाएने हातातला पंखा खाली ठेवला. बांधणीच्या गावात मुलांच्या डोक्यावर छापील जाळी? तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की सुट्टीत पोरं तिच्याकडे पाठवायची, सोबत आया, बाप, जो रिकामा असेल तो. पंचे मुलंच बांधतील.

"आणि नाही जमलं तर?" काजिताने विचारलं.

"तर तुझे छापील पंचे मी माझ्या हाताने एकेका पोराच्या डोक्याला बांधीन."

हे ऐकून काजितापेक्षा किकुनोच जास्त खूश झाली.

दुसऱ्या दिवसापासून फुसाएच्या पडवीत जत्रा. मुलं, आया, बार्लीच्या थंड चहाचे घडे, डासांची उदबत्ती आणि वर झाडाझाडांतून सिकाडा किड्यांचा कल्लोळ. मुलांना आकडा झेपेना, म्हणून तिने बोटांवरच बांधायला शिकवलं. बापलोकांना तेही झेपलं नाही. एकाने पंच्यासकट स्वतःचा अंगठा बांधला, आणि तो सोडवायला त्याच्याच मुलीला यावं लागलं. काजिताचा नातू इत्सुकी दोरा गुंडाळायचा कमी आणि चावायचा जास्त. चिनामी नावाची सहा वर्षांची मुलगी मात्र गप्प बसून काम करायची. तिने घरून सोयाबीनचा एक काळा दाणा आणला होता. तो पंच्याच्या मधोमध ठेवून तिने त्याच्याभोवती दोरा असा फिरवला होता, जणू दाण्याला थंडी वाजत होती.

फुसाए सगळ्यांना छान छान म्हणत होती, पण तिची बोटं शिवशिवत होती. दोरे लोंबताहेत, गाठी हलताहेत, चिमटे कुठे मुठीएवढे तर कुठे मुगाएवढे. हे निळीत गेलं तर पंचे नुसते निळे होऊन बाहेर येतील. मग काजिता काहीच बोलणार नाही, आणि ते जास्त वाईट. मुलं घरी गेली की ती एकेक पंचा उचलून जरा कसायला लागली. जरा म्हणता म्हणता दोरा सुटायचा, मग तो चिमटा नव्याने बांधावा लागायचा, आणि एक नव्याने बांधला की शेजारचा डोळ्यांना खुपायचा. चार दिवसांत पडवीतल्या सगळ्या पंच्यांवर एकच हात झाला. चिनामीचा दाणा मध्ये येत होता. तो तिने काढून ॲप्रनच्या खिशात टाकला.

पंचे रंगून आले तेव्हा सगळी गल्ली जमली. बांधणी सोडण्याची मजा बांधण्यात नाही. दोन्ही टोकं धरून कापड खेचलं की दोरे फटाफट उडतात आणि खालून पांढरी जाळी उमलतात. मुलांनी खेचलं. जाळी उमलली. एकेक जाळं असं की व्यापाऱ्याने काचेत लावावं. आया फोन काढून उभ्या राहिल्या. फुसाएने हळूच किकुनोकडे पाहून घेतलं.

चिनामी आपला पंचा उलटसुलट करत होती. मग तिने तो घडी घालून फुसाएसमोर ठेवला.

"आजी, हा माझा नाही."

"तुझाच आहे गं. चिठ्ठी बघ, तुझं नाव आहे."

"मग माझा दाणा कुठे गेला?"

आता बाकीची मुलंही आपापले पंचे बघायला लागली. एकाने दुसऱ्याचा शेजारी धरून पाहिला. फरक नव्हता. इत्सुकीने तर आपल्या पंच्याचा वास घेतला. दोरा चावताना त्यावर लाळ गळलेली त्याला आठवत होती.

काजिताने दोन पंचे एकावर एक ठेवले, उजेडात धरले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "फुसाएकाकू, सगळे सारखेच करायचे होते, तर छापील काय वाईट होते?"

पडवीत कुणी हसलं नाही. किकुनोसुद्धा नाही. फुसाएने खिशात हात घातला, दाणा काढून चिनामीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "मी बांधले. सगळे. तुमचे दोरे सोडवून." मग काजिताकडे वळून म्हणाली, "नाच अजून व्हायचाय. तुझे छापील पंचे आणू नकोस."

पण कापड होतं कुठे? मंडळाचं संपलं होतं. फुसाए आत गेली आणि कपाटातून पांढऱ्या सुताचा एक तागा घेऊन आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर जाळी चढवली. एक तागा आपल्यासाठी बांधायचा, उन्हाळ्यात घालायचा, म्हणून ठेवलेला. आज बांधू, उद्या बांधू करता करता तो घडीवरच पिवळसर पडत चालला होता. तिने कात्री घेतली आणि त्याचे पंचे केले. शेजारणी हां हां म्हणेपर्यंत अर्धा तागा संपलासुद्धा.

मुलं पुन्हा बांधायला बसली. या वेळी फुसाए दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. एखादा दोरा लोंबला की ती डोळे मिटून घ्यायची. संध्याकाळी पंच्यांचं गाठोडं झालं की ते ती किकुनोच्या घरी ठेवायला द्यायची; स्वतःच्या छपराखाली ठेवायचा तिला भरवसा नव्हता. इतक्या वर्षांत ती किकुनोची पायरी प्रथमच चढत होती. किकुनो गाठोडं घ्यायची आणि सांगायची की मी कुलूप लावते, तुझी किल्ली नाही चालणार.

रंगारी मासाओकाने गाठोडं उघडलं, अंगठ्याने एक चिमटा दाबून पाहिला. चिमटा लगेच चेपला.

"काकू, हे बांधलंय की नुसतं गुंडाळलंय?"

"मुलांनी बांधलंय. तसंच बुडव."

"नीळ आत शिरेल. लोक मला नावं ठेवतील. बाबा असते तर गाठोडं परत पाठवलं असतं."

"पाठवलंच होतं तुझ्या बापाने, माझं पहिलं गाठोडं. तेव्हा मी गल्लीभर रडत घरी गेले होते. आज नाही जाणार. इथेच बसते."

मासाओकाने सांगून पाहिलं की हौद व्यापाऱ्यांच्या मालाने भरलाय, बोनच्या आधी जागा नाही. फुसाएने पायरीवर रुमाल अंथरला, पंखा काढला. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं की ती खरं ते सांगायची: सैल बांधणी घेऊन आलेय, रंगवून घ्यायला. त्या पहिल्या गाठोड्यानंतर पन्नास वर्षं जिच्या हाताचं कापड कधी परत गेलं नाही, ती हे सांगत बसली होती. दुपारी मासाओकाच्या बायकोने तिला कलिंगडाची फोड आणून दिली. तिने ती खाल्ली, बिया नीट एका कोपऱ्यात ठेवल्या आणि पुन्हा पंखा घेतला. उन्हं कलली तेव्हा मासाओकाने गाठोडं उचललं. एकच अट घातली, की रंगवले कुणी हे कुणाला सांगायचं नाही. म्हणून ते गल्लीत फक्त सगळ्यांनाच माहीत आहे.

पंचे आले. काहींवर जाळ्यांऐवजी धुरासारखे ढग होते. एकावर तर बापाच्या अंगठ्याएवढा पांढरा डाग होता. चिनामीच्या पंच्याच्या मधोमध दाण्याभोवती एक वाकडं कडं उमटलं होतं, एका बाजूला फुटलेलं. तिने ते कपाळावर येईल असं बांधून घेतलं आणि दाणा खिशात ठेवला.

नाचाच्या संध्याकाळी मैदानात ढोल सुरू झाला. कंदिलांखाली मुलं रिंगणात फिरू लागली. घाई, धूळ, सगळ्यांच्या पाठी आणि निळी डोकी. काजिता नातवाचे फोटो काढायला पुढे सरसावला आणि थोड्या वेळाने फोन खाली घेऊन मान उंच करकरून शोधायला लागला. इत्सुकी कुठे दिसेना.

बाकावर शेंगा सोलत बसलेल्या फुसाएने शेंगांवरून नजर न काढताच बोट दाखवलं.

"तो बघ, ज्याच्या डोक्यावर काहीच उमटलं नाही तो. सगळा निळा. दोरा चावून चावून सोडवला होता त्याने."

काजिताने पाहिलं. होता. त्याने फोटो काढला, मग दुसरा, मग तिच्याकडे वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"छापील पंचा असता ना," शेंग सोलता सोलता फुसाए म्हणाली, "तर अजून शोधत बसला असतास."